गोट्याचा रिपोर्ट

नमस्कार श्रोतेहो.

पावसाळा आला की टेकडीवर फिरून आलेल्या कुत्र्यांच्या कानामागे, बोटांच्या बेचक्यात गोचिडी सापडायला लागतात. मागच्या महिन्यात कोथरूडच्या एक आजी गोट्याला घेऊन माझ्याकडे आल्या. दोन दिवस तो भाकरीला शिवला नव्हता. आजींच्या हातात रक्ताचा रिपोर्ट आणि बोट पांढऱ्या पेशींवर : 14,000. "डॉक्टर, आमच्या ह्यांच्या बारा हजार निघाल्या तेव्हा केवढी धावपळ झाली होती हो!"

म्हटलं, आजी, माणसांचं माप याला लावू नका. कुत्र्यात 6,000 ते 17,000 पर्यंत चालतात.

माझी नजर अडली ती प्लेटलेटवर, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशींवर. 40,000. निरोगी कुत्र्यात त्या साधारण 2 ते 5 लाख असतात. गोट्याचा ओठ वर केला, तर फिकट हिरडीवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके. तरी नुसत्या आकड्यावर जायचं नसतं. रक्त काढताना वेळ लागला, की प्लेटलेट एकमेकींना चिकटतात आणि मशीन त्या मोजतच नाही. म्हणून काचेवर थेंब पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. गुठळ्या नव्हत्या, प्लेटलेट खरंच कमी होत्या. गोचिडीतून अंगात शिरणाऱ्या एर्लिकिया या जंतूची चाचणीही पॉझिटिव्ह आली. गोचीडताप. गोळ्या चार आठवड्यांच्या दिल्या. कुत्रं जेवायला लागलं की बरेच जण गोळ्या मध्येच सोडतात; कृपा करून तसं करू नका.

मूत्रपिंडाचं दुखणं याहून लबाड. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंड रक्तातून गाळून टाकतं तो टाकाऊ पदार्थ, 1.5 च्या आत असलं की आपण निर्धास्त होतो. पण मूत्रपिंडाचं जवळजवळ पाऊण काम थांबेपर्यंत हा आकडा मर्यादेबाहेर जात नाही. समजा, तुमच्या कुत्र्याचा दोन वर्षांपूर्वी 0.7 होता आणि आज 1.3 आहे. कागदावर दोन्ही नॉर्मल, पण मला ते बघून काळजी वाटते. आणि जुना कागदच नसेल तर मला हे कळणार कसं? म्हणून कुत्रं धडधाकट असतानाच एकदा रक्त तपासून घ्या. सात वर्षांच्या पुढे दरवर्षी.

तपासणी सकाळी करा. रात्रीच्या जेवणानंतर आठ-दहा तास खायला देऊ नका, नाहीतर रक्तात चरबी उतरून काही आकडे बिघडतात. पाणी मात्र पिऊ द्या. आणि जुने रिपोर्ट लसीकरणाच्या पुस्तकातच ठेवा. आजी आता तसंच करतात. परवा गोट्याचा नवा कागद त्यांनी जुन्याशेजारी ठेवून मलाच दाखवला : प्लेटलेट 2 लाख 10 हजार.