निरोप कुणाच्या खिशात वाजतो?

श्रोतेहो, नमस्कार.

हंगाम सुरू झाला की पंचगंगेच्या काठानं ऊसतोड्यांच्या खोपट्या उभ्या राहतात. बीडकडून टोळ्या येतात. पहाटे आई फडात आणि बाळ साडीच्या झोळीत. त्या बाळाला दीड, अडीच आणि साडेतीन महिन्याला पेंटाव्हॅलंट, म्हणजे पाच आजारांवरच्या एकाच लसीचे, तीन डोस मिळायला हवेत. पहिला गावाकडं झालेला असतो. दुसऱ्याची तारीख कार्डावर, आणि कार्ड गावाकडच्या पेटीत. सोबत आलेला असतो तो मोबाईल.

म्हणून फोनवरच्या निरोपाचं मला अप्रूप आहे. पण तो लिहायचा कसा? मराठी एसएमएसमध्ये ७० अक्षरखुणाच मावतात, इंग्रजीत १६०. काना, मात्रा, वेलांटी सगळं त्यातच मोजतात. ‘आपल्या बालकाचे लसीकरण प्रलंबित आहे, कृपया नजीकच्या आरोग्य केंद्राशी संपर्क साधावा’ एवढ्यातच सत्तरी उलटते. शिवाय ‘प्रलंबित’ म्हणजे काय, हे त्या माउलीला कोण सांगणार? हे बघा: ‘मंगळवारी अंगणवाडीत या. बाळाचा दुसरा डोस आहे. कार्ड नसलं तरी चालेल.’ मोजून ६६!

वाचताच येत नसेल तर? केंद्र सरकारची ‘किलकारी’ सेवा गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यापासून बाळ वर्षाचं होईपर्यंत दर आठवड्याला फोन करून बोलते, एकूण ७२ वेळा. कल्पना झकास. पण नाव नोंदवताना आशाताई विचारतात,

‘वैनी, नंबर कुणाचा लिहू?’

‘मालकांचा लिवा की.’

मालक ट्रॅक्टरवर, ट्रॉली कारखान्याच्या रांगेत. निरोप वाजतो तो तिथं, ड्रायव्हरच्या शिटावर.

शाळेचंही तेच. शाहू महाराजांनी १९१७ साली सक्तीचं मोफत शिक्षण आणलं आणि पोर शाळेत न धाडणाऱ्या आईबापाला महिना एक रुपया दंड ठेवला. आता स्थलांतर करणाऱ्या पोरांसाठी, जातील तिथल्या शाळेत दाखवायला, शिक्षण हमी कार्ड आहे, तेही बऱ्याचदा पेटीतच राहतं. गावाकडच्या गुरुजींनी इथल्या गुरुजींना ‘चौथीतली पोरगी तुमच्याकडं येतीय’ एवढं कळवलं, तरी तिचं वर्ष वाचेल. त्याला ॲप लागत नाही.

टोळीतला एक फोन मात्र कायम चालू असतो, टोळी घेऊन येणाऱ्या मुकादमाचा. तुमच्या गावाच्या कडेला खोपट्या पडल्या असतील, तर त्याचा नंबर आशाताईंच्या वहीत उतरवून द्या. आणि जमलं तर बाळाच्या आईचाही.