निर्णय त्याचा नसतो

नमस्कार श्रोतेहो. व्हिडिओ गेमच्या स्टुडिओत प्रोग्रॅमर असतो, चित्रकार असतो, हे आपण जाणतोच. पण कम्युनिटी मॅनेजर? खेळाडूंचं गाऱ्हाणं आत पोचवायचं आणि आतला निरोप बाहेर सांगायचा, हे त्याचं काम. कुठला बग छळतोय, कुठली बंदूक कुचकामी झालीय, याची टिपणं काढून तो टीमपुढे ठेवतो. निर्णय त्याचा नसतो. शिव्या मात्र त्याला. पुन्हा सांगतो, निर्णय त्याचा नसतो.

आता किस्सा ऐका. गेमचं नाव हेलडायव्हर्स २. बनवणारे स्वीडनचे अ‍ॅरोहेड, प्रकाशक सोनी. फेब्रुवारी २०२४मध्ये आला आणि धो धो चालला. मे उजाडला आणि ३ तारखेला सोनीनं फर्मान काढलं: कॉम्प्युटरवर स्टीम या ऑनलाइन दुकानातून गेम घेतलाय ना, मग आमच्या प्लेस्टेशन नेटवर्क या ऑनलाइन सेवेचं खातंही जोडा. हल्ली घरातला दिवा लावायलासुद्धा खातं काढा, पासवर्ड ठेवा, तो विसरा, नवा ठेवा... असो, माझा जुना राग आहे. तर घोळ असा, की शंभराहून जास्त देशांत ते खातं काढायची सोयच नव्हती. आणि गेम तर तिथं विकून झालेला!

खेळाडू पेटले. स्टीमवर दोन लाखांहून जास्त वाईट रिव्ह्यू पडले. अशा वेळी कम्युनिटी मॅनेजरनं काय म्हणायचं असतं? 'आम्ही आपल्या भावनांचा आदर करतो.' या वाक्याइतका दुसऱ्याच्या भावनांचा अपमान कशानंच होत नाही, असं माझं मत आहे. पण अ‍ॅरोहेडचा एक मॅनेजर ते म्हणालाच नाही. तो खेळाडूंना म्हणाला, पटत नसेल तर पैसे परत मागा, रिव्ह्यू बदला.

खेळाडूंनी तेच केलं. तीन दिवसांत सोनीनं माघार घेतली. खेळाडू जिंकले, जल्लोष झाला. आणि काही दिवसांतच बातमी आली, त्या मॅनेजरची नोकरी गेली. निर्णय त्याचा नव्हता, बरं का. ना खातं सक्तीचं करण्याचा, ना ती सक्ती उठवण्याचा.

पुढे स्टुडिओनं या प्रकरणाची आठवण म्हणून गेममध्ये एक केप, म्हणजे पात्राच्या पाठीवर सोडायचं वस्त्र, आणली, त्या वाईट रिव्ह्यूंच्या आलेखासारखी पट्ट्यापट्ट्यांची. खेळाडू ती पाठीवर मिरवत लढायला जातात.