डिफेंडरला पाठमोरा करा

कॉर्नर घेतला जातोय. गोलकीपरच्या पुढ्यात, जवळजवळ गोललाइनवरच, सहा फुटांहून उंच एक माणूस येऊन उभा राहिलाय. धक्का नाही, ओढाओढ नाही. नुसता उभा. पण कीपरला बॉल नीट दिसत नाही, पुढे झेपावायला जागाही उरत नाही. साठच्या दशकात लीड्स युनायटेड या इंग्लिश फुटबॉल क्लबच्या विरोधकांना वैताग आणणारा हा सेंटर-हाफ (मधला डिफेंडर) म्हणजे जॅक चार्लटन.

अ‍ॅशिंग्टन या खाणकामगारांच्या गावातला हा मुलगा. चार मामा व्यावसायिक फुटबॉलर, धाकटा भाऊ बॉबी तर उपजतच गुणी. जॅकला इंग्लंडची जर्सी मिळाली तेव्हा तिशीला जेमतेम महिना उरला होता. पुढच्याच वर्षी, १९६६ ला, दोघे भाऊ विश्वविजेते. लीड्सकडून ७७३ सामने खेळून १९७३ मध्ये तो मिडल्सब्रोचा मॅनेजर झाला आणि पहिल्याच हंगामात सेकंड डिव्हिजन (दुसऱ्या स्तराची लीग) १५ गुणांच्या फरकाने जिंकली. तेव्हा विजयाला दोनच गुण मिळायचे, हे लक्षात घ्या. पुढे शेफील्ड वेन्सडेला त्याने थर्ड डिव्हिजनमधून वर काढलं. न्यूकॅसलमध्ये मात्र प्रेक्षकांनी हुर्यो उडवली आणि तो सोडून गेला.

१९८६ मध्ये आयर्लंडचा संघ हाती आला. डिफेंडरला सगळ्यात नकोसं काय असतं, हे त्याला पक्कं माहीत होतं: स्वतःच्या गोलकडे तोंड करून धावणं. मग तेच करायला लावायचं. मिडफिल्डमध्ये पास गुंफत बसायचं नाही. बॉल थेट समोरच्या फुलबॅकच्या (कडेच्या डिफेंडरच्या) मागे, कोपऱ्याच्या झेंड्याकडे टाकायचा. फुलबॅक वळला की फॉरवर्डने त्याच्या अंगावर जायचं. घाईत त्याने बॉल बाहेर मारला तर थ्रो-इन आपला, तोही त्यांच्याच हद्दीत. अट एकच, मिडफिल्डने त्याच क्षणी वर सरकायला हवं. नाही सरकलं, तर परतवलेला बॉल मधल्या मोकळ्या जागेत पडतो आणि सगळी धावपळ फुकट.

१२ जून १९८८, स्टुटगार्ट, युरो स्पर्धा. समोर इंग्लंडच. सहावं मिनिट. इथे चित्र थांबवून पाहू. डावीकडून आलेला क्रॉस इंग्लंडचा डिफेंडर सॅन्समच्या पायावर नीट बसत नाही, बॉल उंच उडतो. आयर्लंडचा आल्ड्रिज डोक्यानेच तो पलीकडे देतो आणि सहकारी रे हॉटनचा हेडर कीपर शिल्टनला चकवून जाळ्यात. १-०, आणि तेवढ्यावरच सामना संपला.

ही पद्धत कुठे अडली? १९९० च्या विश्वचषकात, इजिप्तसमोर. इजिप्तचे डिफेंडर पुढे आलेच नाहीत. मागे जागाच नाही, तर बॉल टाकणार कुठे? ०-०, आणि सामना अतिशय कंटाळवाणा. तरी त्या स्पर्धेत आयर्लंड निर्धारित वेळेत एकही सामना न जिंकता उपांत्यपूर्व फेरीत पोहोचलं!

१९९२ मध्ये नियम बदलला. सहकाऱ्याने मुद्दाम पायाने दिलेला पास कीपरने हातात घ्यायचा नाही. डोक्याने दिलेला चालतो. आता दबावाखाली बॉल कीपरकडे सोपवून मोकळं होता येईना, ना विरोधकांना, ना आयर्लंडला.

१९९४ चा विश्वचषक, ऑरलँडोचा उकाडा, समोर नेदरलँड्स. आयर्लंडचा फुलबॅक टेरी फेलन (इंडियन सुपर लीग, म्हणजे आयएसएल, बघणाऱ्यांना तो केरळ ब्लास्टर्सकडे दिसला असेल) स्वतःच्या गोलकडे तोंड करून बॉल डोक्याने कीपर बॉनरकडे ढकलतो. हेडर तोकडा पडतो. नेदरलँड्सचा ओव्हरमार्स मधेच बॉल हिसकावून पळतो, आणि त्याच्या पासवर सहकारी बर्गकॅम्पचा गोल.