पॉलीनचा तुटलेला दात

थिएटरमधला अंधार, आणि पाच महिन्यांची पोटुशी बाई एकटीच सिनेमा बघत बसलीय. केस अगदी पडद्यावरच्या नटीसारखे, जीन हार्लोसारखे वळवलेत. ती कँडीचा एक घास घेते आणि पुढचा दात हिरडीतून निघून तोंडात येतो. झालं. त्या दिवसानंतर पॉलीन नटायचंच सोडते, आपण कुरूपच म्हणून मोकळी होते.

टोनी मॉरिसनची पहिली कादंबरी, 'द ब्लूएस्ट आय', १९७०. कथा घडते १९४०-४१ च्या सुमारास, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या लोरेन गावात, मॉरिसन तिथलीच. पॉलीनची मुलगी पेकोला ब्रीडलव्ह ११ वर्षांची, काळी, आणि तिला निळे डोळे हवेत. मिरवायला नाही हं. घरात आईबाप एकमेकांना मारतात, आणि पोरीचा हिशोब असा की आपले डोळे सुंदर असते तर एवढ्या छान डोळ्यांसमोर असलं काही करायची त्यांना लाज वाटली असती. मला तर पुस्तकातलं सगळ्यात भयानक वाक्य हेच वाटतं, बलात्काराच्या पानापेक्षाही.

हो, बलात्कार आहे, आणि करणारा तिचा बाप, चॉली. आता इथे आपल्याला सरळ एक व्हिलन हवा असतो, शिव्या घातल्या की सुटलो, पण मॉरिसन ते पान यायच्या आधी त्याचं अख्खं आयुष्य सांगत बसते. चार दिवसांचा असताना आईने त्याला रुळांजवळच्या उकिरड्यावर टाकलेला. पुढे तो मोठ्या होत असलेल्या वयात एका मुलीसोबत असताना दोन बंदूकवाले गोरे येतात, टॉर्च मारून म्हणतात चालू ठेव, आणि चॉलीला राग येतो तो त्या मुलीचा, कारण गोऱ्यांचा राग धरणं त्याला परवडणारं नव्हतं. वाचताना त्याची कीव येते, मग पुढची पानं येतात आणि त्या कीवेचं काय करायचं ते कळत नाही. माफी मात्र पुस्तक कुठेच देत नाही.

आणि पॉलीन? ती एका गोऱ्या कुटुंबाकडे कामाला आहे. एकदा पेकोलाच्या हातून तिथल्या किचनमध्ये गरम ब्लूबेरी कॉब्लर, म्हणजे फळांचा भाजलेला गोड पदार्थ, सांडतो, तिचे पाय भाजतात. आई धावत येते, पेकोलालाच मारते, मग रडणाऱ्या त्या घरच्या गोऱ्या मुलीला जवळ घेते. ती चिमुरडी तिला 'पॉली' म्हणते. पोटची पोर म्हणते, 'मिसेस ब्रीडलव्ह'.