यूपीएस किती मोठा घ्यायचा?

नमस्कार, श्रोतेहो. दोन तास खपून लिहिलेलं काम वीज जाताच पडद्यावरून नाहीसं होतं, तेव्हा जीव किती हळहळतो हे ज्याचं गेलं त्यालाच कळतं. म्हणून आज यूपीएसबद्दल, म्हणजे वीज गेल्यावर काही मिनिटं बॅटरीवर संगणक चालू ठेवणाऱ्या उपकरणाबद्दल बोलू या. तो नेमका केवढा हवा, एवढंच.

खोक्यावर ठळक अक्षरांत 600 व्हीए, 1000 व्हीए असं छापलेलं असतं. आपण तोच आकडा धरून बसतो आणि तिथेच फसतो. व्हीए म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर. यूपीएस प्रत्यक्षात किती भार पेलेल हे वॅटवरून कळतं, आणि वॅट बारीक अक्षरांत लिहिलेले असतात. घरगुती 600 व्हीएचा यूपीएस बहुधा 360 वॅटच्या आसपासच पेलतो. तेव्हा आधी वॅट वाचा.

आता आपला भार. संगणकाच्या पॉवर सप्लायवर 500 वॅट लिहिलंय म्हणून तो सतत 500 वॅट खात नाही. ती त्याची कमाल क्षमता झाली. साधं टायपिंग करताना तोच संगणक स्क्रीनसकट शंभर-दीडशे वॅटवर चालू शकतो, आणि ग्राफिक्स कार्डावर ताण आला की तीनशेपलीकडे जाऊ शकतो. अंदाजावर विसंबू नका. सॉकेटमध्ये बसणारा वॅटमीटर लावा, तुमचं सगळ्यात जड काम सुरू करा आणि तेव्हाचा आकडा टिपून घ्या. त्यात पाव हिस्सा मिळवा. 240 आला, तर 300 वॅटचा यूपीएस बघा. लेझर प्रिंटर मात्र त्यावर जोडूच नका. त्याचा रोलर तापताना एकदम शेकडो वॅट ओढतो.

मग वेळ किती मिळेल? ते बॅटरीवर. लहान यूपीएसमध्ये बरेचदा 12 व्होल्ट, 7 अँपिअर-तासांची लेड-ॲसिड बॅटरी असते. गुणाकार केला तर 84 वॅट-तास. म्हणजे दीडशे वॅटचा भार अर्धा तास चालायला हवा, नाही का? चालत नाही. ही क्षमता वीस तास सावकाश वीज काढली तर मिळणारी. भराभर काढली की बॅटरी कमी देते, शिवाय थोडी वीज उष्णतेत जाते. हातात उरतात दहाएक मिनिटं. भार दुप्पट केलात, तर वेळ निम्म्याहूनही कमी होतो.

फाइल जतन करून संगणक नीट बंद करायला पाच मिनिटं पुरतात. रात्रभर एकटा चालणारा संगणक असेल, तर यूपीएसकडून संगणकाला इशारा देणारी यूएसबी केबल, यूपीएसला ती सोय असल्यास, जोडाच. तशी सेटिंग करून ठेवली, तर बॅटरी संपत आली की संगणक स्वतःहून नीट बंद होईल.

ही बॅटरी साधारण तीन ते पाच वर्षं टिकते, उष्ण जागी त्याहून कमी. दर काही महिन्यांनी सगळं काम जतन करा, सॉकेटचं बटण बंद करा आणि घड्याळ लावून बघा. दहाच्या जागी तीनच मिनिटं भरली, तर बहुतेक वेळा यूपीएस बदलावा लागत नाही, आतली बॅटरी बदलली की झालं.