फोनचा दुसरा संसार

(दृश्य: ठाणे स्टेशन, पश्चिम. संध्याकाळची गर्दी. मोबाइल दुरुस्तीचा गाळा, जेमतेम दोन माणसं उभी राहतील एवढा.)

ठाणे स्टेशनला पश्चिमेकडे उतरून गोखले रोडच्या दिशेने निघालात, की मोबाइलची दोन तऱ्हेची दुकानं लागतात. काही काचेची, एसीची. तिथे फोन नवा असतो आणि गिऱ्हाईक खुशीत असतं. बाकीचे एवढे एवढेसे गाळे. तिथे फोन उघडा पडलेला असतो आणि गिऱ्हाईकाचं तोंड पडलेलं. कंपन्यांच्या जाहिराती पहिल्या दुकानासाठी असतात. पण पुढचा फोन कुणाचा घ्यायचा आणि कुणाचं नाव काढायचं नाही, हे बऱ्याचदा ठरतं या दुसऱ्या दुकानात.

(दृश्य: एक मुलगा काउंटरवर फोन ठेवतो. ‘दादा, आईचा आहे. सारखा हँग होतो.’)

आईचा आहे म्हणजे, आधी त्याचाच होता. आपल्याकडे फोनला दोन संसार करावे लागतात. पहिली दोन-तीन वर्षं कमावत्या मुलाकडे, मग आईकडे, नाहीतर गावी मामांकडे. मुलाला तो मिळाला कोरा. आईच्या हाती आला तेव्हा बॅटरी थकलेली, मेमरी भरलेली, कोपऱ्यात तडा. ती कंपनी आईने निवडलेली नव्हती, पण तिच्या लेखी ती कंपनी म्हणजे हाच फोन. सोसायटीच्या हळदीकुंकवात ती बिनदिक्कत सांगते, ‘त्यांचे फोन घेऊ नका हो, हँग होतात.’ बिल तिच्या नावावर नसल्यामुळे कंपनी तिला कधी काही विचारायला जात नाही. शेजारणी मात्र विचारतात.

आणि आईचं म्हणणं अगदीच खोटं नसतं. बऱ्याच फोनच्या बॅटऱ्यांचा हिशेब साधारण ५०० पूर्ण चार्जिंगचा असतो. तेवढं झालं की क्षमता ८० टक्क्यांच्या आसपास उतरते. रोज चार्ज करणाऱ्याची ही मर्यादा दीड-दोन वर्षांतच गाठली जाते, म्हणजे बहुतेकदा फोन आईकडे येण्याआधीच. मेमरीचंही तसंच. स्वस्त फोनमध्ये बहुधा ईएमएमसी जातीची चिप असते. ती एका वेळी एकच काम करते, वाचन तरी नाहीतर लेखन तरी. महागड्या फोनमधली यूएफएस चिप दोन्ही एकदम करते. नवा असताना हा फरक फारसा कळत नाही. मेमरी काठोकाठ भरली, की मग कळतो.

(दृश्य: ठाणे–वाशी लोकल. घणसोली स्टेशन मागे पडतं.)

या घणसोलीत रिलायन्स जिओचं मुख्यालय आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची फोर-जी सेवा सुरू झाली आणि पुढचे काही महिने डेटा फुकट होता. फोन तेच राहिले, माणसांची मागणी बदलली. आठ जीबी मेमरीचा जो फोन कालपर्यंत ‘छान चालतोय’ होता, तो गुलाबाच्या फुलांच्या शुभ सकाळने आणि भाच्याच्या बारशाच्या व्हिडिओने गच्च भरला आणि एकाएकी ‘बेकार’ ठरला. दोष गुलाबांचा, शिव्या खाल्ल्या कंपनीने.

ग्राहकांच्या समाधानाचा अभ्यास करणारे अमेरिकेचे रिचर्ड ऑलिव्हर यांनी १९८० मध्येच हे मांडलं होतं. वस्तू कशी आहे एवढ्यावर माणूस खूश होत नाही. मनात धरलं होतं त्याच्या मानाने ती कशी निघाली, ते तो बघतो. गाळ्यातल्या दादांना ऑलिव्हर माहीत नाहीत, पण गिऱ्हाईक पाठ आहे. आठ हजारांचा फोन अडला तर माणूस म्हणतो, ‘एवढ्या पैशात काय मिळणार.’ सत्तर हजारांच्या फोनची चार्जिंग पिन ढिली झाली, तर तोच माणूस फसवलं गेल्यासारखा चिडतो.

गंमत अशी, की मोठ्यातल्या मोठ्या बिघाडाने नाव बुडतंच असं नाही. २००७ मध्ये नोकियाने बीएल-फाइव्ह-सी जातीच्या ४ कोटी ६० लाख बॅटऱ्यांबद्दल इशारा दिला आणि त्या फुकट बदलून देण्याची तयारी दाखवली. बॅटरीमागचा नंबर घरोघरी तपासला गेला, आणि नोकिया टिकला. तो पुढे मागे पडला, कारण लोकांना टचस्क्रीन आणि अॅप्स हवी झाली होती. २०१६ मध्ये सॅमसंगचा नोट सेव्हन हा फोन पेट घेऊ लागला. भारतात तो विक्रीला आलाच नाही, तरी ‘हा फोन विमानात वापरू नका’ या सूचनेमुळे नाव सर्वतोमुखी झालं. सॅमसंग तरीही इथे पहिल्या क्रमांकावर राहिला. ती जागा गेली २०१७ च्या अखेरीस, शाओमीकडे. बारा-तेरा हजारांत इतकं मिळू शकतं हे लोकांनी पाहिलं, म्हणून. वनप्लसच्या स्क्रीनवर हिरवी रेघ उमटण्याच्या तक्रारी वाढल्या, तेव्हा २०२४ मध्ये कंपनीने भारतात त्या दोषासाठी आजीवन हमी जाहीर केली. बिघाडापेक्षा त्यानंतरची वागणूक जास्त लक्षात राहते, हे कंपन्यांना आता उमगलंय. सगळ्यांना नाही.

(दृश्य: वाशी. जुन्या फोनचं दुकान. काचेखाली ओळीने आयफोन.)

जुन्या आयफोनचं गिऱ्हाईक इथे पहिला प्रश्न टाकतं, ‘बॅटरी हेल्थ किती?’ म्हणजे नव्याच्या मानाने बॅटरीची क्षमता किती टक्के उरली. हा आकडा फोनमध्ये दिसू लागला २०१८ मध्ये. त्याआधी, डिसेंबर २०१७ मध्ये, बॅटरी जुनी झाली की फोनचा वेग आपण कमी करतो, असं अॅपलने कबूल केलं होतं. गदारोळ झाला, कंपनीने माफी मागितली, बॅटरी बदलण्याचे दर उतरवले. गिऱ्हाईक फारसं हललं नाही. याला निष्ठा म्हणायचं का? अर्धी निष्ठा, अर्धी अडचण, असं माझं मत. फोटो क्लाउडवर, घड्याळ त्याच कंपनीचं, आणि व्हॉट्सॅपवरच्या जुन्या गप्पा आयफोनमधून अँड्रॉइडमध्ये किंवा उलट नेण्याची अधिकृत सोय २०२१-२२ पर्यंत नव्हतीच. घर बदलायचं म्हटलं तर सामान हलेना.

आता चुरस वर्षांची आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये गूगलने पिक्सेल एट या फोनला, आणि जानेवारी २०२४ मध्ये सॅमसंगने एस ट्वेंटी-फोर मालिकेतल्या फोनना, सात वर्षं अपडेट, म्हणजे सॉफ्टवेअरच्या सुधारणा, देण्याचं जाहीर केलं. पहिला मालक फोन सात वर्षं क्वचितच ठेवतो. त्यामुळे या वचनाचा मोठा वाटा त्याच्या आईच्या पदरात पडेल: तिचं बँकेचं अॅप चालू राहील, भाजीवाल्याला क्यूआरवर पैसे जातील. स्वस्त फोनना अजून एवढी वर्षं सहसा मिळत नाहीत. म्हणून गोखले रोडच्या काचेच्या दुकानात कॅमेऱ्याचं कौतुक ऐकून झालं, की हल्ली एखादी काकू मध्येच विचारते, ‘ते राहू दे. अपडेट किती वर्षं येणार, ते सांग.’ सेल्समन फोन बाजूला ठेवतो आणि माहितीपत्रक शोधायला लागतो.