डिशवॉशर वाजतोय? आधी वेळ बघा

नमस्कार श्रोतेहो.

डिशवॉशर आवाज करायला लागला की घरातलं कुणीतरी लगेच निदान करून मोकळं होतं, "मोटर गेली!" बहुतेक वेळा मोटर ठणठणीत असते. आवाज किती मोठा आहे, यावरून फारसं काही कळत नाही. धुणं चालू असताना तो नेमका कधी येतो, यावरून मात्र पुष्कळ कळतं.

हे यंत्र करतं काय, ते थोडक्यात सांगतो. सुरुवातीला आत राहिलेलं पाणी बाहेर फेकतं, मग नवं पाणी घेतं. तळाचा पंप तेच पाणी पुन्हा पुन्हा फिरवतो आणि ते खालच्या-वरच्या फिरत्या दांड्यांतून, म्हणजे स्प्रे आर्ममधून, भांड्यांवर उडतं. मग घाण पाणी बाहेर आणि पुन्हा नवं पाणी आत. मधेच एकदा 'खट्' असं वाजतं. ती साबणाच्या कप्प्याची झडप उघडते, तिला घाबरायचं कारण नाही.

आता धुणं चालू असताना ठरावीक अंतराने ठक, ठक, ठक असा आवाज येत असेल, तर तो फिरता दांडा कशावर तरी आपटतोय. आपल्याकडे तो 'कशावर तरी' म्हणजे बहुधा पळी, झारा नाहीतर उलथणं. खालच्या रॅकमध्ये उंच परात किंवा ताट उभं केलं की वरचा दांडा त्याला अडतो. चमच्यांच्या टोपलीतून एखादी दांडी खाली घसरली, की खालचा दांडा अडतो. भांडी लावून झाली की दार लावण्याआधी दोन्ही दांडे हाताने एकदा गरकन फिरवून बघा. बऱ्याच यंत्रांत वरचा रॅक थोडा उचलून वरच्या खाचेत बसवता येतो. ही सोय पुष्कळांना ठाऊकच नसते.

नुसती खणखण असेल तर ती आपल्या स्टीलच्या वाट्यांची. १८८६ साली अमेरिकेत जोसेफिन कॉक्रन या बाईंनी भांडी धुण्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं. त्यांनी आपल्या चिनी मातीच्या बश्या मोजून त्या मापाचे तारांचे कप्पे केले होते. भांडं जागचं हलू नये आणि पाण्याने काम करावं, ही त्यामागची कल्पना. आजच्या रॅकचे दातेही मुख्यतः बश्यांचाच विचार करून केलेले असतात. त्यात आपली हलकी, गोल बुडाची वाटी डुलणारच. वाट्या तिरप्या, दात्यांत घट्ट अडकवून लावा, एकमेकींना खेटून नकोत.

पाणी फिरत असताना मधूनमधून गुरगुर, मग शांतता, पुन्हा गुरगुर, असं होत असेल तर पंपाला पाणी कमी पडतंय आणि तो हवा ओढतोय. याची कारणं अनेक. एखादं पातेलं धुताना उलटून सुलटं होतं आणि पाणी धरून बसतं. एका वेळी यंत्रात तीन-चार लिटरच पाणी खेळतं, त्यातलं दीड लिटर पातेल्याने अडवलं तर पंप ओरडणारच. दुसरं, कुणीतरी हात धुवायचा किंवा भांडी घासायचा साधा साबण आत घातलेला असतो. त्याचा फेस होतो आणि पंप फेसच ओढत बसतो. तिसरं कारण वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांसाठी. गच्चीवरची टाकी नळापेक्षा तीनच मीटर उंच असेल तर दाब जेमतेम ०.३ बार मिळतो आणि बऱ्याच यंत्रांना निदान अर्धा बार लागतो. शिवाय टँकरचं किंवा बोअरचं पाणी असेल तर पाणी घेणाऱ्या पाइपच्या तोंडाशी असलेल्या बारीक जाळीत रेती साठते. नळ बंद करून पाइप सोडवा आणि ती जाळी धुऊन परत बसवा.

पाणी बाहेर जाताना करकर किंवा घरघर होत असेल, तर मात्र जरा वेळ द्यावा लागेल. निचऱ्याचा पंप वेगळा आणि छोटा असतो. चिंचोका, लिंबाची बी, माशाचा काटा, काचेचा तुकडा, असलं काही त्याच्या पात्यांत गेलं की तो कुरकुरतो, किंवा नुसता घुमतो आणि पाणी तसंच राहतं. आधी प्लग काढा. खालचा रॅक बाहेर घ्या, साचलेलं पाणी वाटीने आणि स्पंजने काढा. तळाची जाळी फिरवून उचला. खालच्या खळग्यात टॉर्च मारून बघितल्याशिवाय हात घालू नका, कारण काच असते. पुष्कळ यंत्रांत तिथे पंपावर छोटं झाकण असतं, ते चमच्याच्या मागच्या टोकाने निघतं. आतली पाती बोटाने फिरवली तर सलग फिरत नाहीत, थांबत-थांबत, झटक्याने फिरतात. ते बिघाडाचं लक्षण नव्हे, आतल्या चुंबकामुळे तसं होतं. जाळी परत बसवताना नीट फिरवून घट्ट करा. ती सैल राहिली तर वर आली की खालचा दांडा तिला घासतो, आणि पुढच्या खेपेला मोहरी थेट पंपात जाते.

भिंतीतला पाइप धाडकन वाजतो, तोही फक्त पाणी घेणं थांबतं तेव्हा, अशी तक्रार असेल तर यंत्राकडे बघूच नका. झडप एकदम बंद होते, वेगातलं पाणी अचानक थांबतं आणि त्याचा धक्का पाइपला बसतो. नळ थोडा आवळून दाब कमी करा आणि मोकळा लोंबणारा पाइप क्लिपने भिंतीला बांधा. सगळं यंत्रच थरथरत असेल तर त्याचे पाय फिरवून ते समपातळीत आणा आणि मागचा पाइप भिंतीला टेकत नाही ना, ते बघा.

हे सगळं करून झालं, जाळी स्वच्छ आहे, तरीही भांड्यांशिवाय चालवल्यावर धुण्याच्या पूर्ण वेळात बारीक, उंच सूर येतच राहतो? मग पंपाचं बेअरिंग झिजलेलं असण्याची शक्यता मोठी. ते घरी करायचं काम नाही. मेकॅनिकला बोलावताना आवाज पाणी घेताना, फिरवताना की सोडताना येतो, ते फोनवरच सांगा, आणि सुट्या भागाची किंमत व मजुरी वेगवेगळी विचारा. कारण अलीकडच्या बऱ्याच यंत्रांत धुण्याचा पंप आणि पाणी तापवणारा हीटर एकत्रच जोडलेले असतात, आणि एका बेअरिंगपायी तो सगळा भागच बदलावा लागतो.

नमस्कार.